‘एक ठेवून बघ’ : प्रस्तावना

मराठीत आपण अवयव ‘पाडतो’. कैऱ्या पाडाव्यात, नाणी पाडावीत, तसे. जयपुरात माझ्याकडे गणित शिकायला येणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना ही क्रिया नवी असते, कारण शाळेत त्यांनी ‘गुणनखंड’ केलेले असतात. आपल्या बहुपदीला त्यांच्या पुस्तकात ‘बहुपद’ म्हणतात, शेष सिद्धांताला ‘शेषफल प्रमेय’ आणि अवयव सिद्धांताला ‘गुणनखंड प्रमेय’. सुट्टीत गावी गेलं की आजोबा कौतुकानं विचारतात, “काय रे, अवयव पाडता येतात का आता?” आणि नातू बावचळतो. अवयव म्हटलं की त्याला हात, पाय आणि यकृत एवढंच आठवतं.

पण एक वाक्य दोन्हीकडे सारखंच आहे. फळ्यावर त्रिघाती बहुपदी लिहिली, वर्ग गप्प झाला, की मास्तर म्हणतात, “एक ठेवून बघ.” हिंदीतही हेच, “एक रखकर देखो.” या तीन शब्दांत अख्खा अवयव सिद्धांत आहे, आणि प्रस्तुत पुस्तक त्या तीन शब्दांचा विस्तार आहे. लेखिकेचं म्हणणं मला थोडक्यात असं समजलं: गणितात अंदाज करायला लाज वाटायचं कारण नाही. अवयव सिद्धांत अंदाजाला परवाना देतो आणि अंदाज कुठवर करायचा याची हद्दही आखून देतो.

नवख्या वाचकासाठी सिद्धांत आधी सांगून टाकतो. ४७ ला ५ नं भागलं तर बाकी २ उरते. तसंच कोणत्याही बहुपदीला (क्ष − अ) नं भागलं तर भागाकार म्हणून एक बहुपदी मिळते आणि बाकी म्हणून एक साधी संख्या. आता क्ष च्या जागी अ ठेवा. (क्ष − अ) शून्य होतो, त्याच्याशी गुणलेला भागाकार कितीही लांबलचक असला तरी नाहीसा होतो आणि उरते ती बाकी. म्हणजे भागाकार न करताच बाकी हातात येते. हा शेष सिद्धांत. ती बाकी शून्य असेल तर निःशेष भाग जातो, (क्ष − अ) हा अवयव आहे. आणि (क्ष − अ) अवयव असेल तर बाकी शून्य येणारच. हा अवयव सिद्धांत. एवढंच.

एक उदाहरण जवळून पाहू: क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५. ठेवायच्या संख्या तर अगणित आहेत. मग कुठून सुरुवात करायची? सगळे सहगुणक पूर्णांक असतील आणि बहुपदीला पूर्णांकी मूळ असेल, तर ते स्थिर पदाचा विभाजक असलंच पाहिजे. ३५ चे विभाजक १, ५, ७, ३५, अधिक आणि उणे धरून आठ. ऋण संख्या ठेवली तर इथं चारही पदं ऋण होतात, बेरीज शून्य येणं शक्य नाही. उरले चार. १ ठेवला, उत्तर −२८. ५ ठेवला: १२५ − १५० + ६० − ३५, शून्य. (क्ष − ५) सापडला. संश्लेषक भागाकारानं दुसरा अवयव क्ष² − क्ष + ७ मिळतो, आणि त्याचे आणखी वास्तव अवयव पडत नाहीत, कारण १ − २८ ऋण आहे. अगणित शक्यतांपैकी दोनच तपासून काम झालं.

हे उदाहरण पाठ्यपुस्तकातलं वाटेल. ते भास्कराचार्यांचं आहे, ११५० च्या ‘बीजगणिता’तलं: क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५. त्या काळी ते दोन ओळींत, एकाखाली एक मांडत. वरच्या ओळीत या घ १, या व ०, या १२, रू ०. खालच्या ओळीत या घ ०, या व ६, या ०, रू ३५. ‘या’ म्हणजे यावत्तावत्, आपला क्ष. ‘रू’ म्हणजे रूप, स्थिर पद. भास्कराचार्यांनी दोन्ही पक्षांतून ६क्ष² आणि ८ वजा केले. डावीकडे (क्ष − २) चा घन झाला, उजवीकडे २७ उरले, म्हणजे ३ चा घन. क्ष = ५. करामत सुंदर आहे, पण ८ च का वजा करायचे हे ज्याला दिसलं त्यालाच दिसलं. स्वतः भास्कराचार्यही अशा ठिकाणी गणकानं आपली बुद्धी चालवावी असंच सांगतात.

इथून या विषयाचा इतिहास नीट वाचता येतो. तो पुष्कळसा एकाच प्रश्नाचा इतिहास आहे: बुद्धिमान माणसाला सुचतं ते साध्या माणसाला रीतीनं कसं करता येईल?

पहिली परंपरा आपली. तिचा उगम जयपूरच्याच राज्यात आहे. राजस्थानातलं भीनमाळ, जुनं भिल्लमाल, हे ब्रह्मगुप्ताचं गाव मानलं जातं. ६२८ मधल्या त्याच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त शून्याचे आणि ऋण संख्यांचे नियम स्पष्ट दिलेले आहेत, शून्यानं गुणलं की शून्य, हाही त्यातला. त्यानंतर पाच शतकांनी सह्याद्रीच्या कुशीत भास्कराचार्य. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण इथला शिलालेख सांगतो की त्यांचा नातू चंगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ चा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. पुढे आपल्याकडची काही घराणी काशीला गेली. विदर्भातल्या दधिग्रामच्या घराण्यातल्या कृष्ण दैवज्ञानं १६०० च्या आसपास ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली आणि नियमांमागच्या उपपत्ती दिल्या. गोदावरीकाठच्या गोलग्रामच्या घराण्यातल्या कमलाकरानं १६५८ मध्ये ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिला. त्यात कोनाच्या तिसऱ्या भागाची ‘ज्या’, म्हणजे आजची साइन, कशी काढायची याचा विचार आहे. हा धागा पुढे लागेल.

एवढी सामग्री हाताशी असूनही आपल्याकडे अवयव सिद्धांत का निघाला नाही? लेखिकेनं दिलेलं उत्तर मला पटतं. आपल्या मांडणीत समीकरणाला कायम दोन पक्ष होते, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. सगळी पदं एका बाजूला आणून दुसऱ्या बाजूला शून्य ठेवायची चाल पडली नाही. शून्याशी व्यवहार कसा करायचा हे ज्यांनी जगाला नियम घालून शिकवलं, त्यांनी समीकरणाच्या उजव्या बाजूला एकटं शून्य बसवलं नाही. आणि ते बसल्याशिवाय ‘गुणाकार शून्य, म्हणून कुठला तरी अवयव शून्य’ हे वाक्य उच्चारताच येत नाही.

दुसरी परंपरा फारसी-अरबी. उमर खय्याम आपल्याला रुबायांमुळे माहीत आहे. त्यानं त्रिघाती समीकरणांची वर्गवारी करून ती शंकुच्छेदांच्या छेदनबिंदूंनी सोडवली. समरकंदच्या अल-काशीनं आकडेमोडीचा रस्ता धरला: उत्तर एकदम मिळत नसेल तर प्रत्येक फेरीला त्याच्या जवळ सरकायचं. तिसरी परंपरा इटलीतली. कार्दानोच्या १५४५ मधल्या ग्रंथात त्रिघाताचं आणि चतुर्घाताचं सूत्रच छापून आलं. पण ते सूत्र असं की साधं ५ हे उत्तरसुद्धा घनमुळांच्या जंजाळात गुंडाळून देतं.

खरं वळण आलं ते सतराव्या शतकात. इंग्लंडच्या टॉमस हॅरियटचं बीजगणित त्याच्या मृत्यूनंतर, १६३१ मध्ये छापलं गेलं. त्यानं समीकरणं उलट्या दिशेनं घडवली: आधी (क्ष − अ), (क्ष − ब) असे अवयव घ्यायचे, गुणायचे आणि गुणाकार शून्याबरोबर मांडायचा. १६३७ मध्ये देकार्तनं आपल्या भूमितीच्या ग्रंथात साफ लिहिलं की अ हे मूळ असेल तर बहुपदीला (क्ष − अ) नं भाग जातो, आणि जात नसेल तर अ हे मूळ नव्हे. मुळं शोधणं आणि अवयव पाडणं ही दोन कामं त्या दिवसापासून एक झाली. एकेक मूळ सापडलं की एकेक अवयव बाहेर काढायचा आणि कोटी, म्हणजे सर्वांत मोठा घात, एकानं उतरवायची. म्हणूनच कोटी ५ असलेल्या बहुपदीला पाचापेक्षा जास्त मुळं असू शकत नाहीत. संश्लेषक भागाकाराची सुटसुटीत मांडणी रुफिनी आणि हॉर्नर यांच्या नावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाली. गाउसनं १७९९ मध्ये दाखवलं की संमिश्र संख्या मोकळ्या केल्या तर प्रत्येक बहुपदीचे पूर्ण तुकडे पडतात. आबेलनं १८२४ मध्ये दाखवलं की पाचव्या घातासाठी मुळांचं सर्वसाधारण सूत्र मिळणारच नाही. म्हणजे तुकडे आहेत, पण ते हाती येतीलच असं नाही.

या दोन वाक्यांतलं अंतर दगडात पाहायचं तर जयपूरला यावं. सवाई जयसिंगानं १७२७ मध्ये हे शहर वसवलं आणि इथं वेधशाळा उभारली. तिचा २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत समावेश आहे. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे २७ मीटर उंचीचं सूर्यघड्याळ. त्याच्या संगमरवरी चापावर सावली मिनिटाला सहा-साडेसहा सेंटिमीटर सरकते. एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे इथं एक अंश वीतभर दगड व्यापतो, थोडा जास्तच. शाळेच्या कोनमापकावर जो अंश पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जातो, तो इथं हात पसरून मोजावा लागतो. एवढ्या सूक्ष्म वेधांना तेवढीच सूक्ष्म ज्यासारणी लागते. जयसिंगाची खगोलसारणी उलुघबेगाच्या समरकंदच्या सारणीच्या वळणावर घडली आहे, आणि अशी सारणी उभी राहते ती एका संख्येवर: १° ची ज्या, आजच्या भाषेत साइन १°.

ती संख्या काढायला जाऊ. सुरुवात १८° पासून करू. १८° च्या तिपटीची साइन ही त्याच्या दुपटीच्या कोसाइनइतकी असते, कारण ५४ आणि ३६ मिळून ९०. साइन १८° ला क्ष म्हटलं की ४क्ष³ − २क्ष² − ३क्ष + १ = ० हे समीकरण मिळतं. आता एक ठेवून बघ. ४ − २ − ३ + १, शून्य! सहगुणकांची बेरीज शून्य आली की (क्ष − १) हा अवयव, हा तोडगा परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. उरतो ४क्ष² + २क्ष − १, आणि त्यातून साइन १८° = (√५ − १)/४. अवयव पडला आणि उत्तर हातात आलं. १८° मधून १५° वजा केले की ३° ची साइनही वर्गमुळांत मिळते.

आता ३° वरून १°. तिप्पट कोनाच्या सूत्रानं साइन १° चं समीकरण त्रिघातीच येतं, आणि इथं कितीही काही ठेवून बघा, अवयव पडत नाही. का, ते १०° च्या सोप्या नमुन्यावर कळतं. साइन १०° च्या दुपटीला य म्हटलं तर य³ − ३य + १ = ०. पहिला सहगुणक आणि स्थिर पद दोन्ही १, म्हणून तपासायचे उमेदवार दोनच. १ ठेवला, उत्तर −१. −१ ठेवला, उत्तर ३. संपलं. परिमेय मूळ नाही, आणि त्रिघाताला परिमेय मूळ नसेल तर त्याचे परिमेय अवयवच पडत नाहीत. १८३७ मध्ये वांत्झेलनं याच वाटेनं जाऊन सिद्ध केलं की पट्टी-कंपासनं कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करण्याची रीत असू शकत नाही. दोन हजार वर्षांच्या खटाटोपाचा निकाल शेवटी एका न पडलेल्या अवयवानं लावला.

मग समरकंदला काय केलं? अल-काशीनं समीकरण असं फिरवलं: क्ष = (साइन ३° + ४क्ष³) ÷ ३. उजवीकडचा घन अगदी लहान असल्यानं आधी तो सोडून दिला तर ०.०१७४४५३ मिळतं. तेच उजवीकडे ठेवलं की पहिल्याच फेरीत ०.०१७४५२४, सात दशांश स्थळांपर्यंत बिनचूक. इथंही ‘ठेवून बघ’च आहे. पहिल्या ठेवण्यानं कळतं की उत्तर नेमकं आहे का. दुसऱ्या ठेवण्यानं उत्तराकडे एक पाऊल पुढे पडतं. पुस्तकातल्या या भागात लेखिकेची पकड सर्वांत घट्ट आहे. अवयव सिद्धांत कुठं चालतो हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. तो कुठं थांबतो आणि त्याचं थांबणंही किती काही सांगून जातं, हे मराठीत इतक्या निवांतपणे लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

आज या सगळ्याचं काय काम, असा प्रश्न येणारच. फोनला विचारलं की तो क्षणात अवयव पाडून देतो. खरं आहे, आणि त्यामागे तगडं गणित आहे: १९६७ मध्ये बर्लेकँपनं सांत क्षेत्रांवरच्या बहुपदींसाठी रीत दिली, १९८२ मध्ये लेन्स्ट्रा, लेन्स्ट्रा आणि लोवास यांनी परिमेय सहगुणकांच्या बहुपदींसाठी वेगवान रीत दिली. पण जोहरी बाजारात कचोरीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड बघा. कडेला फाटलेला, तेलकट बोटांनी माखलेला, तरी पैसे पोहोचतात. त्या चौकटीत १९६० मधल्या रीड आणि सॉलोमन यांच्या संकेताची बहुपदी असते. खराब झालेल्या चौकोनांमुळे चूक झाली की फोन एक नवी बहुपदी तयार करतो, जिची मुळं चूक कुठं आहे ते दाखवतात. ती मुळं शोधायची एक प्रचलित रीत १९६४ मध्ये चिएननं दिली. ती काय? २५६ संख्यांच्या क्षेत्रातली एकेक संख्या घ्यायची आणि ठेवून बघायची. शून्य आलं, चूक सापडली.

शिक्षक म्हणून मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. राजस्थानात प्रवेशपरीक्षांची तयारी हा मोठा व्यवसाय आहे. कोट्याचं नाव देशभर त्यासाठीच घेतलं जातं. तिथं मुलं समीकरण सोडवत नाहीत, दिलेले चार पर्याय ठेवून बघतात. अनेक शिक्षकांना ही लबाडी वाटते. मला ती अर्धवट शिकलेला अवयव सिद्धांत वाटते. मुलाला तपासता येतं, पण पर्याय कुठून आले ते त्याला ठाऊक नसतं. ज्याला स्थिर पदाचे विभाजक मांडता येतात तो आपले पर्याय आपण तयार करतो. फरक एवढाच, पण तिथंच उत्तरपत्रिका आणि गणित वेगळं होतं. शिवाय उत्तर शोधणं अवघड आणि तपासणं सोपं, हे ज्यानं नववीत एकदा अनुभवलं, तो पुढे यंत्रानं दिलेलं उत्तरही ठेवून बघितल्याशिवाय घेणार नाही.

प्रस्तुत पुस्तक नववी-दहावीच्या मुलांना हाताशी धरून लिहिलेलं असलं, तरी त्यांच्या शिक्षकांनी आणि पालकांनीही ते वाचावं असं आहे. सूत्रांची यादी आणि खाली शंभर गणितं हा त्याचा घाट नाही. एकेक बहुपदी घेऊन तिच्याशी गप्पा माराव्यात तसं ते चालतं: हिची चिन्हं काय सांगतात, हिचं स्थिर पद काय लपवतं, हिचा आलेख अक्षाला कुठं शिवतो. मराठी आणि हिंदी पारिभाषिक शब्द शेजारी शेजारी दिल्यानं महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांची मोठी सोय झाली आहे. आजोबा आणि नातू यांना आता एकाच पानावर भेटता येईल. नेहमीच्या चौकटीबाहेरही लेखिका धीटपणे जाते. बारा तासांच्या घड्याळावर क्ष² − १ ला १, ५, ७ आणि ११ अशी चार मुळं कशी मिळतात आणि ‘कोटीपेक्षा जास्त मुळं नाहीत’ हा नियम तिथं का मोडतो, ते वाचताना नियमामागचा आधार पहिल्यांदा डोळ्यांना दिसतो: तिथं शून्य नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार शून्य होऊ शकतो, ३ आणि ४ चा होतो तसा.

उणिवाही सांगायला हव्यात. दोन चलांच्या बहुपदींना पुस्तकानं जवळजवळ हात लावलेला नाही, आणि संमिश्र मुळांवरचं विवेचन घाईचं वाटतं. पुढच्या आवृत्तीत हे भरून निघावं. पण जे घेतलं आहे ते लेखिकेनं पायरी न गाळता घेतलं आहे, आणि आकडेमोड वाचकासमोर, खाडाखोडीसकट केली आहे. शाळकरी पुस्तकांत ही गोष्ट दुर्मिळ आहे.

वाचकाला एकच विनंती. कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय पहिलं पान उलटू नका. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त त्या त्रिघाताच्याच प्रकरणात एक चतुर्घातही दिला आहे: क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९. त्यांचं उत्तर ११. सगळी पदं एका बाजूला आणा, ११ ठेवून बघा, मग (क्ष − ११) नं भागा. उरलेल्या त्रिघाताची चारही पदं धन येतील आणि स्थिर पद ९०९ येईल. म्हणजे आणखी एखादं पूर्णांकी मूळ असेल तर ते ऋणच असणार, आणि ९०९ चे विभाजक सहाच आहेत. ते मूळ आहे. कोणतं, ते मी इथं लिहीत नाही.